पद्मिनीला पेट्रोल प्रेशर रेग्युलेटर: अर्ध्या दिवसाच्या कामाच्या दीड महिन्याच्या नोंदी

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). बाबांच्या नावावरची, आता माझ्या. कामाची जागा चेंबूरला आमच्या सोसायटीचं उघडं पार्किंग. कामाचे दिवस शनिवार-रविवार, तेही पाण्याचा टँकर माझ्या गाडीसमोरच येऊन उभा राहिला नाही तर. मेस्त्री म्हणाले होते, "अर्ध्या दिवसाचं काम आहे." ते बरोबरच होते. रेग्युलेटर, म्हणजे कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलचं प्रेशर आटोक्यात ठेवणारा भाग, दोन बोल्टवर बसतो. बाकीचे दिवस कुठे गेले ते खाली आहे.

शनिवार, १२ एप्रिल २०२५

डिपस्टिक काढली तर ऑईल वरच्या खुणेच्याही वर. मी ऑईल घातलेलं नाही, मग वाढलं कसं? बोटावर घेऊन वास घेतला: पेट्रोल. इंजिनावरच्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायाफ्राम (आतला रबरी पडदा) फाटला होता आणि पेट्रोल सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलमध्ये, उतरत होतं. पातळ झालेल्या त्या ऑईलवर मी किती किलोमीटर गाडी चालवली, याचा हिशोब न केलेला बरा.

दोन वर्षांतला हा तिसरा डायाफ्राम. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात इथेनॉल नव्हतं. आता वीस टक्के आहे आणि जुन्या जातीचं रबर त्याला टिकत नाही. फुगतं, मऊ पडतं, मग फाटतं. मेस्त्रींचं उभं आयुष्य टॅक्सीच्या पद्मिनींत गेलं. त्यांचं म्हणणं असं की टॅक्सीवाल्यांना हा ताप फारसा झाला नाही, कारण त्यांच्या गाड्या सीएनजीवर. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून उतरल्यापासून पंपाचं जे किट मिळतं ते कुठल्या रबराचं, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

ठरवलं: इलेक्ट्रिक पंप. ऑईल आणि फिल्टर बदलला. आज एवढंच.

रविवार, १३ एप्रिल

ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून काल संध्याकाळी आणलेला छोटा चौकोनी पंप, १,९०० रुपये. चालू केला की टक-टक करतो तो. हे पंप ओढायला कमजोर आणि ढकलायला जोरदार असतात, म्हणून पुढे इंजिनाजवळ न लावता मागे टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला लावला. आधी एक फिल्टर. जुना पंप काढून त्या जागी ब्लॉकवर तीन मिलिमीटरची पट्टी आणि गॅस्केट.

सेल्फ मारला, गाडी लगेच लागली. मी खूश. दहा मिनिटांनी कार्बोरेटरच्या वरून पेट्रोल वाहायला लागलं आणि मॅनिफोल्डवर टपकलं. गाडी बंद केली, बॅटरीची निगेटिव्ह काढली, अग्निशामक सिलिंडर हातात घेऊन पाच मिनिटं तसाच उभा. तोपर्यंत वास दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला होता आणि सेक्रेटरी खाली.

मेस्त्रींना फोन. "प्रेशर किती देतो पंप?"

"खोक्यावर चार ते सात लिहिलंय."

"खोक्यावर काय लिहिलंय ते नाही विचारलं. मोजलं का?"

मोजलं नव्हतं.

शनिवार, १९ एप्रिल

कार्बोरेटरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेज, म्हणजे प्रेशर मोजायचं मीटर, बसवला, ० ते १५ पीएसआयचा (चौरस इंचावर किती पौंड दाब ते माप), ग्लिसरिन भरलेला, ७५० रुपये. पंपाचं प्रेशर ५.८. मूळचा मेकॅनिकल पंप अडीच-तीनच्या पुढे फारसा जात नाही. कार्बोरेटरच्या वाटीत तरंगणारा फ्लोट जेवढ्या जोरानं निडलला (वाटी भरली की पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या सुईला) वर दाबून धरतो त्यापेक्षा जास्त जोरानं पेट्रोल तिला खाली ढकलत होतं. निडल वाईट नव्हती, तिच्यावर जुलूम होत होता.

म्हणजे रेग्युलेटर हवा. रात्री अकरा वाजता मोबाईलवर बसून एक मागवला. निळा, चकचकीत, गेजसकट, 'सर्व गाड्यांना चालतो' असं लिहिलेला, १,४५० रुपये. रात्री अकरानंतर स्पेअर पार्ट मागवू नये, हे मला आता कळलंय.

गुरुवार, २४ एप्रिल

पार्सल आलं. गेज बघूनच पोटात गोळा आला: ० ते १४०. हा फ्यूएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, गाडीचा. तरी संध्याकाळी पार्किंगमध्ये टॉर्च लावून जोडून बघितला. काटा शून्याच्या खुंटीवरून हलला नाही आणि माझ्या टीवरच्या गेजवर ५.८ तसंच. कारण साधं आहे. हा प्रकार जादाचं पेट्रोल मागच्या नळीनं टाकीत परत सोडून प्रेशर राखतो आणि त्याची स्प्रिंग तीसेक पीएसआयच्या पुढेच हलते. स्क्रू पूर्ण सैल केला तरी ५.८ त्याच्या गावीही नाही.

पेट्रोल लागलेला माल परत घेणार नाहीत, आणि घेऊही नये. १,४५० गेले.

कोणी घेणार असेल तर खोक्यावरचे दोनच आकडे बघा. कार्बोरेटरला १ ते ४-साडेचारच्या टप्प्यातला, दोन तोंडांचा, पेट्रोल आत आणि पेट्रोल बाहेर एवढाच रेग्युलेटर लागतो. त्यातही एक गंमत आहे. अगदी तसाच दिसणारा, तशाच बॉडीचा साडेचार ते नऊचाही येतो. आत फक्त स्प्रिंग वेगळी. 

शुक्रवार, २५ एप्रिल

ऑफिसमधून लवकर निघून ऑपेरा हाऊस. १ ते ४ पीएसआयचा रेग्युलेटर, ३,९०० रुपये. दुकानदारानं आधी साडेचार ते नऊचाच पुढ्यात ठेवला होता, म्हणून दुकानातच खोकं उघडून आकडा वाचून घेतला.

शनिवार, २६ एप्रिल

पुण्याला लग्न. काम नाही.

रविवार, २७ एप्रिल

रेग्युलेटर कुठे बसवायचा?

एक गोष्ट नक्की होती, इंजिनावर नाही. इंजिन हलतं, तापतं, थरथरतं. रेग्युलेटर बॉडीवर हवा आणि कार्बोरेटरपर्यंतच्या नळीत थोडा ढिलेपणा हवा, म्हणजे इंजिन माउंटिंगवर डोललं तरी नळी ताणली जात नाही. मला फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आवडली होती. मोकळी, सपाट, कार्बोरेटरपासून वीतभर. ड्रिल हातात घेतलं आणि वरून आवाज आला, "काय पाडतोयस?"

तिसऱ्या मजल्यावरचे काका. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं होते. खाली आले, चष्मा लावला, फायरवॉलच्या पलीकडे हात घालून मला वायरिंगचा जुडगा दाखवला. मी जिथे पेन्सिलनं फुली मारली होती, त्याच्या बरोबर मागे.

"हे बघ," ते म्हणाले, "गाडीतला प्रत्येक भाग आपापल्या जागेचा मालक आहे. तू आणलायस तो भाडेकरू. त्याला मिळेल त्या खोलीत ठेव. भिंत पाडू नकोस."

मग नियम ठरला, नवं भोक पाडायचं नाही. आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर कधीकाळी काढून टाकलेल्या कसल्याशा रिलेची दोन भोकं मिळाली. तीन मिलिमीटरच्या एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीचं ब्रॅकेट कापलं, वाकवलं, रेड ऑक्साईड मारलं, रबरी वॉशर आणि नायलॉक नट लावून बसवलं. हाताने हलवून बघितलं, गाडी हलली पण ब्रॅकेट नाही. दोन तासांत झालं.

ती भोकं एक्झॉस्टच्या बाजूला होती. हे मला तेव्हा दिसत होतं. फक्त त्याचा अर्थ कळत नव्हता.

बुधवार, ३० एप्रिल आणि गुरुवार, १ मे

बुधवारी ऑफिस सुटल्यावर नागदेवी स्ट्रीट. दोन पितळी निपल (रेग्युलेटरला नळी जोडायचे आट्यांचे तुकडे), नवी नळी दोन मीटर (३०आर९ लिहिलेली, इथेनॉलला टिकणारी, ३८० रुपये मीटर), आठ क्लिपा. क्लिपा त्या कडेनं गुळगुळीत असलेल्या घ्या. भोकं पडलेल्या पट्टीच्या स्वस्त क्लिपा नळीचं रबर कापतात.

गुरुवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. निपल रेग्युलेटरमध्ये फिरवला. हाताने दोन आटे लोण्यासारखे गेले. तिसऱ्याला अडला. इथे थांबायला हवं होतं. मी पाना लावला. किरकिर करत आणखी दीड आटा गेला, मला वाटलं बसला. पंप चालू केला आणि निपलच्या मुळाशी पेट्रोलचा एक थेंब जमला. बघता बघता फुगला, घरंगळला, मागून दुसरा. आणखी आवळलं, थेंब जास्त वेगानं.

निपल काढला तर त्याच्या आट्यांत चांदीसारखा चुरा अडकलेला. तो चुरा रेग्युलेटरच्या बॉडीचा.

मी चिडून मेस्त्रींना म्हणालो, रेग्युलेटरच खराब आहे. (हे वाक्य मी पुढे आणखी दोनदा बोललो. तिन्ही वेळा रेग्युलेटर निर्दोष सुटला.)

शनिवार, ३ मे

साकीनाक्याला एका लेथवाल्याकडे गेलो. त्यानं खिशातून कंगव्यासारख्या पात्यांचा झुबका काढला, एक पातं रेग्युलेटरच्या आट्यांवर ठेवलं, उजेडाकडे धरलं. मग तेच पातं माझ्या निपलवर. पहिल्या तीन दातांना जुळलं, पुढे दात आट्यांच्या डोक्यावर चढले. मला काही सांगावं लागलं नाही, दिसत होतं.

रेग्युलेटरचे आटे अमेरिकन पद्धतीचे, एनपीटी: ३/८च्या मापाला एका इंचात १८ आटे. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात 'तीन सूत पाईपचे आटे' म्हणून जे मिळतं ते ब्रिटिश पद्धतीचं बीएसपी, इंचात १९, आणि आट्याचा कोनही वेगळा. एका आट्याचा फरक, म्हणून सुरुवातीला जातं आणि मग अडतं. गेजच्या १/८च्या आट्यांचीही तीच कथा: २७ आणि २८. तिथे तर आणखीच फसवं, कारण जवळजवळ पूर्ण आत जातं.

त्यानं एनपीटीचा टॅप हलक्या हातानं फिरवून बिघडलेले आटे साफ केले आणि पितळी सळईतून दोन नवे निपल काढून दिले, एका टोकाला एनपीटी, दुसऱ्या टोकाला आठ मिलिमीटरच्या नळीसाठी बार्ब (नळी घट्ट चढवायचं कंगोऱ्यांचं टोक). गेजसाठी एक छोटा जोडही. सगळ्याचे ६०० रुपये आणि दीड तास. निपल हाताने साडेतीन आटे गेला आणि मग कुठे आवळू लागला. हाताला हा फरक एकदा कळला की परत विसरत नाही.

रविवार, ४ मे

सगळं जोडलं. आट्यांवर टेफ्लॉन टेप, चांगले पाच वेढे, यावेळी गळायला नको म्हणून. गळलं नाही. रेग्युलेटरचा स्क्रू सैल करून २.५ लावला. गाडी लागली, पाच मिनिटं छान, आणि कार्बोरेटरमधून पुन्हा पेट्रोल.

२.५ला? मग मोजमापाचा काय उपयोग? स्क्रू आणखी सैल केला, १.५. तरी वाहतंय. रेग्युलेटर खराब (दुसऱ्यांदा). वैतागून बॉनेट आपटलं आणि वर गेलो.

शनिवार, १० मे

मेस्त्री स्वतः आले. आल्या आल्या माझा पिवळा बल्बचा हँडलॅम्प बघून ओरडले, "हा इथे पेट्रोलवर धरून काम करता तुम्ही? बल्ब फुटला तर?" लॅम्प बंद. एलईडीची डोक्याला लावायची बॅटरी ३५० रुपयांची, तीच दुपारी आणली. पहिल्या दिवशीच आणायला हवी होती.

मग त्यांनी रेग्युलेटरला हातही लावला नाही. कार्बोरेटरचं झाकण उघडलं, निडल सीट काढली आणि पांढऱ्या रुमालावर ठेवली. निडलच्या टोकाशी एक पांढरा धागा, नखाच्या लांबीचा, केसाएवढा. चिमट्यानं उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

टेफ्लॉन. पाच वेढ्यांतला शेवटचा वेढा निपलच्या तोंडाबाहेर आला होता, आवळताना कापला गेला आणि पेट्रोलाबरोबर वाहत जाऊन निडलखाली बसला. फिल्टर रेग्युलेटरच्या आधी होता, त्यामुळे त्याला अडवायला मध्ये कोणी नव्हतंच.

"टेप नळाला," मेस्त्री म्हणाले. "इथे नाही."

सगळे जोड काढले, आट्यांतली टेप सुईनं उकरून काढली, पेट्रोलला चालणारं लिक्विड सीलंट पहिला आटा मोकळा सोडून लावलं, रात्रभर वाळू दिलं. सीलंट २८० रुपये. टेप २० रुपयांची होती. शनिवार-रविवार दोन गेले ते वेगळे.

रविवार, ११ मे

आज पहिल्यांदा काहीतरी नीट झालं.

एक गोष्ट लक्षात आली, ती कोणी सांगितली नव्हती. हा पंप बोलतो. किल्ली फिरवली की टक-टक-टक-टक जोरात, फ्लोटची वाटी भरत आली की टक… टक…, आणि भरली की जवळजवळ गप्प. इंजिन बंद असताना तो बोलतच राहिला तर पेट्रोल कुठेतरी जातंय: निडल बसत नाही किंवा नळी गळते. गेजपेक्षा आधी कान सांगतो. आज दहा-बारा टकटक आणि शांत.

प्रेशर लावायची रीत: इंजिन बंद ठेवून नाही, आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवून, पेट्रोल वाहत असताना. इंजिन बंद असताना लावलेलं २.५ चालू झाल्यावर २.१ दिसलं. स्क्रू पाव-पाव फेरा, दर वेळी अर्धा मिनिट थांबून. २.५ला लॉकनट आवळला. आवळताना स्क्रूही फिरतो, तो अॅलन कीनं धरून ठेवावा लागतो. हे तीनदा चुकलं. शेवटी लॉकनटवर बायकोच्या लाल नेलपॉलिशची रेघ मारली, हलला तर कळावं म्हणून. परवानगी नंतर घेतली.

शनिवार, १७ मे

रस्त्यावर पहिली फेरी. सकाळी अकरा, मुद्दाम ऊन बघून. चेंबूर, अमर महल, सायन, आणि परत. जाताना उत्तम, पिकअप पूर्वीपेक्षा बरा. येताना अमर महलच्या सिग्नलला दहा मिनिटं रांगेत, आणि गाडी मिसिंग करू लागली. मग बंद. सेल्फ मारतोय, लागत नाही. मागे बेस्टची बस, तिच्या हॉर्नचं वर्णन करत नाही.

दोघा रिक्षावाल्यांनी कडेला ढकलून दिली. बॉनेट उघडलं. गेज १.२. अरे, प्रेशर पडलं! रेग्युलेटर (तिसऱ्यांदा). नेलपॉलिशची रेघ मोडून स्क्रू आवळला, गेजवर २.५ आणलं. वीस मिनिटांनी गाडी लागली, घरी आणली. समस्या सुटली असं मानून झोपलो.

रविवार, १८ मे

सकाळी थंड गाडी लावली. गेज ३.७. वास. प्लग काढला, काजळीनं काळा.

काल १.२ आणि मी वाढवून २.५ केलं, ते आज न चढवता ३.७ कसं? पाऊण तास डोकं खाजवल्यावर गेजकडे बघितलं. ग्लिसरिनचा गेज बंद डबा असतो. बॉनेटखाली तापला की आतली हवा फुगते आणि काट्याला उलट दिशेनं दाबते. शंभर पीएसआय मोजताना एवढ्यानं काही बिघडत नाही. अडीच मोजताना एकाचा फरक म्हणजे सगळंच खोटं. काल प्रेशर पडलंच नव्हतं. गेज खोटं बोलत होता आणि मी त्याच्या सांगण्यावरून बरोबर असलेली गोष्ट बिघडवली.

गेजच्या डोक्यावर रबराचा छोटा बूच असतो. तो थंड गाडीवर पिनेनं क्षणभर उचलला की आतला दाब सुटतो. तरी पक्कं करायला मेस्त्रींकडचा ग्लिसरिन नसलेला कोरडा गेज आणून लावला. तापलेल्या इंजिनावर दोन्ही शेजारी: माझा त्यांच्यापेक्षा १.२ कमी.

मग गाडी का बंद पडली? बंद गाडीत पंधरा मिनिटांनी रेग्युलेटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. इन्फ्रारेड थर्मामीटर शेजाऱ्यांकडून (करोनातला नव्हे, कारखान्यातला) आणून धरला: ७१ अंश. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, इथेनॉल ७८ला. माझ्या रेग्युलेटरमध्ये पेट्रोल नव्हतं, वाफ होती. दोन तोंडांच्या रेग्युलेटरमधून वाफेला परत जायला वाट नसते, ती तिथेच बसते.

एक्झॉस्टच्या बाजूची ती दोन भोकं. भाडेकरूला मी चुलीवर खोली दिली होती.

शनिवार, २४ मे आणि रविवार, २५ मे

ब्रॅकेट काढलं. नियम तोच, नवं भोक नाही. एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला मडगार्डच्या पत्र्याला आधीपासून असलेले दोन बोल्ट आहेत. त्यांच्याखाली पकडेल असं एल आकाराचं नवं ब्रॅकेट, तीच तीन मिलिमीटरची पट्टी. रेग्युलेटर कार्बोरेटरच्या तोंडापेक्षा थोडा खाली. स्क्रू वर, हात जाईल असा. डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारे भाग) यांच्या वर काहीही पेट्रोलचं येत नाही ना, हे दोरी धरून बघितलं. पहिल्या मांडणीत एक जोड डिस्ट्रिब्युटरच्या बरोबर डोक्यावर होता, त्यावर कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. थेंब पडला असता तर ठिणगीवरच.

नळी नव्यानं कापली. जुने तुकडे लांबीला कमी पडले, त्यामुळे आणखी एक मीटर. पुढे एक्झॉस्टच्या जवळून जाणाऱ्या भागावर उष्णता अडवणारी चंदेरी बाही. आणि रेग्युलेटर ते कार्बोरेटर यांच्यामध्ये दुसरा छोटा फिल्टर. टेफ्लॉनचा तो धागा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

काकांनी वरूनच विचारलं, "भिंत?"

"शाबूत."

रविवारी वायरिंग. हे आधी करायला हवं होतं. पंप थेट किल्लीवर होता, म्हणजे टक्कर होऊन इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओतत राहिला असता. आता रिले, फ्यूज, आणि कुर्ल्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून ४०० रुपयांना आणलेला धक्क्याचा स्विच, फोर्डच्या गाड्यांत येतो तो. धक्का बसला की आतली गोळी उडते आणि पंप बंद. तळहातावर जोरात आपटून बघितला, उडाला. बटण दाबलं की परत चालू. मेस्त्रींचं एकच म्हणणं: "हा लावल्याशिवाय इलेक्ट्रिक पंपाला परवानगीच नको."

कोरड्या गेजवर, आयडलला, २.५. नवी लाल रेघ.

सोमवार, २६ मे

मान्सून आज मुंबईत. २६ मे! एवढ्या लवकर नोंदींत कधी आला नव्हता म्हणतात. गाडीवर ताडपत्री. ऑफिसला जायला लोकल नाही, घरून काम. वरून पाण्याचा आवाज आणि मनात एकच, सीलंट वाळलं असेल ना.

शनिवार, ३१ मे

पावसानं दोन तास दम घेतला. ईस्टर्न फ्री वेनं पी. डिमेलो रोडपर्यंत, मग मुद्दाम आतून, भायखळा-लालबाग-परळ करत दादर, सायन. सायनला अर्धा तास रांगेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. बंद पडली नाही. अमर महलला तोच सिग्नल, तशीच रांग. मी श्वास धरून, ती नाही.

घरी येऊन लगेच बॉनेट उघडलं: रेग्युलेटर ४६ अंश, हात ठेवता येतो. बंद करून पंधरा मिनिटांनी ५३. आज हवा थंड होती, मे महिन्याच्या उन्हात हे आकडे वर जातील, ते मान्य. ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा मोजीन आणि तेव्हा वाफेनं त्रास दिला तर टाकीपर्यंत रिटर्न नळी टाकीन. आत्ता नाही.

रविवार, १ जून

पीयूसी: सीओ (कार्बन मोनॉक्साईड) २.२ टक्के, मर्यादा ३. तिथला मुलगा गाडीकडे बघून म्हणाला, "ही चालते अजून?" मी म्हणालो, आता चालते.

गेज काढून तिथे बूच लावला. प्रेशर एकदा लागलं की बॉनेटखाली आणखी एक गळू शकणारा जोड कशाला.

खर्च जोडला: ज्याची गरज होती ते, पंप, रेग्युलेटर, गेज, नळ्या, लेथ, वायरिंग, स्विच धरून नऊ हजारांच्या आसपास. इंजेक्शनचा निळा रेग्युलेटर, बिनकामाचे निपल, पहिलं ब्रॅकेट आणि वाया गेलेलं पेट्रोल (१०३ रुपयांनी) मिळून आणखी अडीच हजार. निळा रेग्युलेटर कोणाला हवा असेल तर शोकेसमध्ये ठेवलाय, दिसतो छान.

नवी नळी पाऊण मीटर उरली आहे. टाकी आणि लोखंडी पाईप यांच्यामधला तुकडा अजून जुन्याच रबराचा आहे, काल बोटानं दाबला तर मऊ लागला. पुढच्या शनिवारी टँकर आला नाही तर तो.